पाव वळसा

१

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाईंच्या बॅगा दाराशी उभ्या होत्या, खाली गाडीवाला हॉर्न देत होता, आणि सासूबाई मात्र खिडकीशी वाकून कुंड्यांचा निरोप घेत होत्या. नवीन सून त्यांची शाल हातात धरून मागे उभी होती. निरोपाच्या रांगेत आपला नंबर झाडांनंतर लागतो, हे तिने मुकाट्याने मान्य केलं होतं.

जाड, मांसल पानांची, पाणी पोटात साठवून ठेवणारी झाडं होती ती. दुकानात त्यांना सक्युलंट म्हणतात, सासूबाई म्हणत ‘गुबगुबी’. कुणी गुलाबासारखं पाकळ्या मांडून बसलेलं, कुणी पट्ट्यापट्ट्यांचं, कुणी मण्यांच्या माळा खाली सोडलेलं. उन्हाळाभर ती गॅलरीत असत. थंडी पडली की आत, हॉलच्या खिडकीत.

“पाणी जवळजवळ नाहीच घालायचं,” सासूबाई म्हणाल्या. “माती ठणठणीत कोरडी झाली तरी अजून थोडं थांबायचं. ही तहानेनं मरत नाहीत, मायेनं मरतात.”

“हो आई.”

“पानं काचेला टेकू द्यायची नाहीत. गारठ्यानं काळी पडतात. आणि दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवायची.”

“रविवारी त्यांची परेड असते,” बॅगा उचलत नवरा म्हणाला. “आई हवालदार.”

“तू गप रे. उजेडाकडे वाकतात ती. फिरवत राहिलं की सरळ वाढतात.” सासूबाईंनी शाल घेतली, खांद्यावर टाकली, आणि दाराबाहेर पडता पडता पुन्हा मागे वळल्या. “एकाच दिशेला बघत बसू द्यायचं नाही. कळलं ना?”

सुनेला कळलं होतं. निदान मान हलवण्यापुरतं तरी. ती बोलायची कमी. लग्नाच्या जेवणातच नणंदेने तिचं नाव ‘मौनी’ ठेवलं होतं आणि ते पक्कं चिकटलं होतं.

पहिला रविवार तिने नेमाने पाळला. पुढच्या रविवारी तिने मोबाईलवर वाचलं, की थंडीत ही झाडं झोपतात, त्यांना हलवाहलव नको असते. झोपलेल्याला उगाच कूस का बदलायला लावा? शिवाय रविवारी नवरा घरी असे, आणि लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. कुंड्या राहून गेल्या.

सासूबाई फोनवर विचारायच्या, “फिरवतेस ना?” मौनी म्हणायची, “हो आई.” एवढंसं खोटं. घरातल्या शांततेसाठी सुना याहून मोठी बोलतात.

२

मौनीचं काम घरूनच चाले. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाईप करायचे. कानाला हेडफोन, पायाखाली पॅडल. पॅडल दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की गप्प व्हायचा. नवरा म्हणायचा, बाईच्या पायाच्या इशाऱ्यावर गप्प बसणारे एवढेच पुरुष जगात उरलेत.

तिचं टेबल त्याच खिडकीपाशी होतं. एका दुपारी कुणाच्या तरी गुडघ्याचा रिपोर्ट ऐकता ऐकता तिने मान मोकळी करायला वर पाहिलं, आणि पाय पॅडलवरून आपोआप उचलला गेला.

झाडं वाकली होती. त्यात नवल नव्हतं. थंडीतला उजेड पातळ, सूर्य समोरच्या इमारतीच्या डोक्यावरून जेमतेम डोकावून जाणारा. झाडं त्याच्यासाठी माना लांब करणारच. पण ही खिडकीकडे वाकली नव्हती. सगळीच्या सगळी खिडकीकडे पाठ करून घरात वाकली होती. बस सुटायच्या आधी दारातली माणसं जशी एकाच बाजूला माना काढून बघतात, तशी. माळवाल्या झाडाच्या माळासुद्धा सरळ खाली न लोंबता किंचित आत ओढल्यासारख्या दिसत होत्या.

तिने हेडफोन काढले. घरात हीटरची घरघर होती आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. बाकी काही नाही.

काहीतरी कारण असणार. समोरच्या भिंतीवर आरसा नव्हता, पण कपाटाला काच होती. तिच्यात खिडकीचा उजेड परत फिरत असेल. तिने काचेवर चादर टाकली. तसा तिचा स्वभाव कारण सापडेपर्यंत स्वस्थ न बसणारा होता, पण तोंडाने न बोलता.

संध्याकाळी नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून आल्यावर त्याला घरातल्या कोणत्याही गोष्टीत काळंबेरं दिसत नसे.

“खिडकीकडे पाठ करून बसलीत,” मौनी म्हणाली.

“आई गेल्यापासून रुसली असतील.”

“उजेडाकडे वाकतात ना ती?”

“मग उजेड आत असेल.” त्याने मोजे काढत काढत म्हटलं. “तू आलीस ना घरात.”

ती हसली. कौतुक आयतं मिळत असेल तर परत करू नये. पण जेवताना तिची नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात राहिली. आठवडाभर चादर तशीच होती, झाडंही तशीच होती. फक्त थोडी अधिक वाकलेली.

३

कोणती गोष्ट कुठे बोट दाखवतेय हे शोधायचं तर तिला दोन-तीन ठिकाणी उभं करून बघावं, एवढं गणित मौनीला येत होतं. तिने एक कुंडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, तिथल्या खिडकीला लागून. एक झोपायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, तिथेही खिडकी होती. आणि वाट पाहिली.

ओट्यावरचं झाड फ्रिजच्या बाजूला वाकलं. उशाचं झाड कपाटाच्या बाजूला वाकलं. फ्रिजच्या मागे भिंत होती, कपाटाच्या मागेही. दोन्ही भिंतींच्या मागे एकच खोली होती. मधली खोली.

मधली खोली म्हणजे घराचं पोट. तिन्ही बाजूंना घर, चौथ्या बाजूला जिना, त्यामुळे खिडकी नाहीच. दार बोळाकडे उघडायचं. सासूबाई तिथे इस्त्रीचा पाट, जादा गाद्या, न लागणारी भांडी ठेवायच्या. जाण्यापूर्वी त्यांनी ती मुलाकडून रिकामी करून घेतली होती. का, ते मौनीने विचारलं नव्हतं.

ती दुपारी तिथे गेली. दिवा लावला. चार भिंती, फरशी, एक जुना पलंग, कोपऱ्यात एक स्टूल. तिने दिवा बंद केला, मग पलंगावर चढून बल्बच काढून घेतला आणि दार लावून घेतलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. तिने बराच वेळ वाट पाहिली, डोळे सरावू दिले. कुठे फट नाही, कुठे चकाकी नाही. उजेडाचा टिपूससुद्धा नाही.

बरं वाटायला हवं होतं. पण तिने सहज घसा खाकरला, आणि तो आवाज तिच्या कानाला बरोबर लागला नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या होत्या तेव्हा इथे बोललं की आवाज दबून यायचा. आता गाद्या नव्हत्या, तरी तो तसाच आला. भरलेल्या खोलीत येतो तसा.

ती बाहेर आली, आणि स्वतःला चार शब्द ऐकवले. दिवसभर लोकांच्या आजारांची वर्णनं ऐकून कान बधिर झालेत. पुरे झालं.

तरी संध्याकाळी तिने उशाची कुंडी मधल्या खोलीतल्या स्टुलावर नेऊन ठेवली. अंधारात झाड कुठे वाकतं बघू, म्हणून. किंवा अंधारात मरतं का बघू, म्हणून. मेलं असतं तर तिला त्या दिवशी खरंच आनंद झाला असता.

४

नणंदेला मुलगी झाली. फोनवर सगळे एकदम बोलत होते, मागे ते बाळ कोकरासारखं बारीक ओरडत होतं.

“मौनी, आत्या... नाही गं, मामी झालीस तू,” नणंद म्हणाली. “आता तरी बोलायला शीक. नाहीतर पोरगी तुला फर्निचर समजेल.”

“शिकेन ताई.”

“आणि ऐक, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की आम्ही तिकडेच येतोय. आई, मी आणि ही. उन्हाळ्यापर्यंत. आईनं जाताना मधली खोली रिकामी करून ठेवलीच आहे. घरात सगळ्यात उबदार तीच.”

मौनी काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या शनिवारी नवरा मित्राकडून जुना पाळणा घेऊन आला. लाकडी, कठड्याचा. स्क्रू-ड्रायव्हर तोंडात धरून तो मधल्या खोलीत गेला, “इथला बल्ब कुणी काढला?” म्हणून ओरडला, नवा लावला, आणि पाळणा जोडून स्टुलासमोरच्या कोपऱ्यात लावला. दारातून येणारा वारा तिथे लागत नाही, म्हणून.

स्टुलावरचं झाड नेमकं त्या कोपऱ्याकडे वाकलं होतं. पाळण्याच्या वर, हातभर उंचीवर कुठेतरी.

“दुसरीकडे ठेवूया का पाळणा?” मौनी म्हणाली.

“कुठे?”

“या खोलीत नको. खिडकी नाही.”

“एवढंसं पोर, त्याला काय बघायचंय खिडकीतून?” त्याने एक स्क्रू घट्ट केला. मग हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. “ताई येणार म्हणून तुला... काही आहे का मनात?”

“नाही.”

“असेल तर सांग. पण ताईला जाणवू देऊ नकोस. तिचंही हे घर आहे.”

झालं. जे बोलायचं होतं ते तोंडातच विझलं. नवी सून, येणारी नणंद, आणि सुनेला खोलीवरून कुरबुर सुचतेय. आता तिने झाडांचं नाव काढलं असतं तर उरलीसुरली अक्कलही गहाण पडली असती. एवढंसं पोर त्या कोपऱ्यात झोपणार, आणि अडवायचं तर कारण काय सांगणार? गुबगुबी तिकडे बघतायत म्हणून?

तिने स्टुलावरची कुंडी उचलून नीट पाहिली. उजेडाशिवाय ठेवलेलं झाड कसं होतं हे तिने वाचलं होतं. पांढरं, लांबुळकं, हडकुळं. हे तसं झालं नव्हतं. हिरवंगार होतं. खिडकीतल्या भावंडांपेक्षा टवटवीत, पानांच्या कडा गुलाबी झालेल्या. कडा अशा गुलाबी व्हायला भरपूर ऊन लागतं. तिने कुंडी पाव वळसा फिरवून खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड परत कोपऱ्याकडे वळलेलं होतं. त्याला आठवडे लागायला हवे होते.

५

सासूबाई आल्या त्या दिवशी दारात एकच गर्दी. नणंद, बाळ, दुपटी, पिशव्या. बाळाला नवऱ्याने हातात घेतलं तेव्हा लिफ्टची मोटर उचलावी तसे हात त्याने ताठ केले, आणि नणंद हसून म्हणाली, “अरे, ऑइलिंग नाही करायचं तिचं.”

सासूबाई चपला न काढता खिडकीपाशी उभ्या होत्या.

सगळ्या झाडांनी खिडकीकडे पाठ केली होती. सासूबाईंनी ओरडायला हवं होतं, निदान नाक मुरडायला. त्यांनी फक्त पदर खोचला आणि कुंड्या फिरवायला लागल्या. पाव नाही, अर्धा वळसा. भराभर, एकीमागून एक, पोळी करपायला लागल्यावर उलटतात तशा. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

“कधीपासून नाही फिरवल्यास?”

मौनीने खरं सांगितलं.

“आणि तिथे? आत ठेवलंयस एखादं?” त्यांनी मधल्या खोलीकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली.

“हो. आई, ते काय आहे?”

“मला काय ठाऊक.” सासूबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. एवढ्या थकलेल्या तिने त्यांना पाहिलं नव्हतं. “मला कधी दिसलं नाही. मी बघितलंच नाही. झाडं बघायला लागली की मग आपणही बघतो, म्हणून फिरवत राहायचे. बरी चालली होती इतकी वर्षं. मला वाटलं, गेलं असेल आता. म्हणून तर खोली मोकळी केली.”

“मग ताईला सांगूया.”

“काय सांगूया? ओली बाळंतीण आहे ती. अशीच रात्र रात्र जागतेय. तिच्या डोक्यात हे भरवलं तर ती त्या पोरीला क्षणभर खाली ठेवायची नाही.” त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “आणि दुसरीकडे निजवू म्हटलं तर विचारेल ना, का म्हणून. हॉलमध्ये गारठा. खोल्या आहेतच किती.”

बाहेर नणंद हाक मारत होती. आई, दुपटी कुठल्या पिशवीत आहेत.

मौनी बाहेर गेली. आणि ज्या आवाजात तिने आजवर या घरात फक्त ‘हो’ म्हटलं होतं, त्याच आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही आमच्या खोलीत राहा. तिथे खिडकी आहे, बाळाला सकाळचं ऊन मिळेल. आम्ही दोघं मधल्या खोलीत झोपतो.”

नणंद बघतच राहिली. नवऱ्याने बाळावरून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते पाहून मौनीला पहिल्यांदाच वाटलं, लग्न केलं ते ठीक केलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की आता मागे फिरता येणार नाही.

“अगं, नवं लग्न तुमचं,” नणंद म्हणाली. “मला पाप लागेल.”

“आम्हाला उजेड कमीच लागतो,” मौनी म्हणाली, आणि नणंद इतकी हसली की बाळ दचकलं.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पुढे झाल्या, आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून तो बराच वेळ काढला नाही.

६

पाळणा बाहेर गेला, रात्री नणंदेच्या खोलीत, दुपारी बोळात, आणि पलंगावर त्यांचं अंथरूण आलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नवरा पडल्या पडल्या घोरायला लागायचा. मौनी भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि सकाळी स्टुलावरची कुंडी फिरवायची. सासूबाई हॉलमधल्या कुंड्या आता रोज फिरवत होत्या. खिडकीतली झाडं गोंधळल्यासारखी दिसत, कुणी इकडे, कुणी तिकडे. ते बरं लक्षण आहे, असं दोघी न बोलता धरून चालल्या होत्या.

त्या दुपारी नवरा कामावर होता, सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मौनीचं डोकं दुखत होतं. तिने दिवा घालवला, दार लावून घेतलं, आणि पलंगावर आडवी झाली.

अंधारात हात लांब करून तिने सवयीने स्टुलावरची कुंडी चाचपली. वाकलेला देठ बोटांना लागेल म्हणून कडेला हात नेला. तिथे काही नव्हतं. तिने उठून बसत कुंडी मांडीवर घेतली. देठ ताठ सरळ होता. एकेक पान वर उभं राहिलेलं, टोकं जवळ आलेली, घास घेऊन आई घरट्यावर उतरली की पिल्लांच्या चोची वर होतात तशी. आणि पानं गरम होती.

तिने कुंडी मांडीवरच पाव वळसा फिरवली, मग आणखी पाव. सरळ वर बघणाऱ्याला कितीही फिरवा, काय फरक पडणार.

“मौनी,” बाहेरून नणंदेचा दबका आवाज आला. “जागी आहेस का गं?”

“हो ताई.”

“दिवा घालवतेस का जरा? दाराखालून उजेड येतोय. ही बघ ना, पाळण्यात पडून सारखी तुमच्या दाराकडेच बघतेय. डोळा मिटायला तयार नाही.”

मौनीने दाराच्या दिशेने पाहिलं. तिला दार दिसत नव्हतं. स्वतःचा हात दिसत नव्हता. खोलीत काळाकुट्ट अंधार होता.

“मौनी?”

“हो, वाचत होते,” ती म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिला फार कष्ट पडले. “घालवते.”

तिने बटणाला हात लावला नाही. ते बंदच होतं. ती कुंडी पोटाशी धरून पलंगावरून उतरली, अंथरुणावरचं पांघरूण ओढून घेतलं, चाचपडत दारापाशी गेली आणि ते पांघरूण दाराखालच्या फटीत कोंबलं. बोटांनी दाबून दाबून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग दारालाच पाठ लावून त्याच्यावर बसली. खोली भरलेली होती. तिचा श्वास बाहेर जाऊन लगेच परत येत होता, खूप जवळ कुणी समोर असावं तसा.

“आता?” तिने विचारलं.

“आता गेला. थँक्यू गं.” मग जराशाने, अगदी हळू, “बघ, लागलीच पेंगायला. गुणाची पोर ती.”

मौनी हलली नाही. डोक्याच्या मधोमध ऊब लागत होती, थंडीतल्या सकाळी गॅलरीत उभं राहिलं की लागते तशी, कोवळी. वर बघायचं नाही, एवढं तिने मनाशी धरलं, आणि त्यासाठी डोळे घट्ट मिटून घेतले.

पापण्यांच्या आत लाल झालं. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले की होतं तसं, लालभडक. आणि त्या लालात, वरून खाली वाकल्यासारखी, एक सावली सरकली.

तिने डोळे उघडले. अंधार.

बाहेर बाळ झोपलं होतं. आत मौनी दाराला पाठ लावून बसून राहिली, पापणी न लवू देता.